‘सौम्य’ झटक्याचा धडा



शनिवार पेठेतील आमच्या वाड्यात एकाच वर्षी आम्हां दोघां बंधूंस हृदयविकाराचा झटका आला. आमच्या हृदयाची एक रोहिणी पूर्ण बंद झाली होती. ती तत्काळ फुग्याने उघडण्यात आली. दादांची अंशतः बंद होती. ‘सौम्य झटका’ म्हणून सर्व निश्चिंत झाले, औषधे सुटली. वर्षाच्या आत दादा गेले.

पूर्ण अवरोध आरंभी अधिक घातक खरा. परंतु वर्षअखेरचा हिशेब पाहता दोहोंतील मृत्युप्रमाण बहुतेक सारखेच ठरते. कारण दुसऱ्या प्रकारचे रुग्ण बहुधा वयस्क, मधुमेही असतात व त्यांच्या अनेक रोहिण्या रोगट असतात.

तेव्हा छातीवर दडपण येताच १०८ क्रमांकास कळवावे, आणि ‘सौम्य’ या शब्दावर विसंबून औषध सोडू नये, एवढीच विनंती करून आम्ही रजा घेतो.