दहा मिनिटं ठोकळ्यांची

आज मोबाईलवरच्या खेळांबद्दल बोलायचंय. तुम्ही म्हणाल, ज्यापायी आम्ही लेकरांना धपाटे घालतो, त्याचंच कौतुक सांगायला आलीस का बाई? थोडं तसंच आहे. पण आधी माझी गोष्ट ऐका.

दोन वर्षांमागे, कापूस वेचणीच्या दिवसांत, मी आणि आमचे हे मोटारसायकलवर मानवत रोडहून पाथरीकडे येत होतो. अंधार पडलेला. पुढं उसाची ट्रॉली उभी होती, मागं लाल दिवा नाही की काही नाही. यांचा पाय मोडला. मला नुसतं खरचटलं. त्यामुळं सगळं घर त्यांच्याभोवती, आणि ते बरोबरच होतं. पण रात्री डोळे मिटले की ती ट्रॉली समोर यायची. दळण निवडताना यायची, चुलीवर दूध ठेवलं की यायची. सांगायचं कुणाला? लागलं त्यांना होतं, मला काय झालंय?

दोनेक महिन्यांनी परभणीला शिकणारी लेक सुट्टीला आली. तिनं माझ्या मोबाईलमध्ये ठोकळ्यांचा खेळ टाकून दिला. वरून ठोकळे पडतात, फिरवून फिरवून खालच्या फटीत बसवायचे. पूर्वी जत्रेत सेलवर चालणारं यंत्र मिळायचं ना, तोच. पहिल्या दिवशी खेळले आणि लक्षात आलं, तेवढ्या वेळात ट्रॉली आली नाही. एकदासुद्धा नाही.

सासूबाईंनी पाहिलं. म्हणाल्या, "नवरा खाटेवर, अन् हिला खेळ सुचतोय!" मी मोबाईल पदराखाली घातला. खरं सांगते, चोरी केल्यासारखं वाटलं. आपलं बायकांचं असंच आहे. दुपारी पाठ टेकली तरी कुणी आलं की आपण लगबगीनं उठून बसतो.

पुढं लेकीनंच मला वाचून दाखवलं. या खेळाचं नाव टेट्रिस. 1984 साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्ह नावाच्या माणसानं तो तयार केला. इंग्लंडात ऑक्सफर्डच्या दवाखान्यात संशोधकांनी अपघात होऊन आलेल्या 71 जणांवर एक प्रयोग केला, तो 2017 साली छापून आला. अपघातानंतर सहा तासांच्या आत काहींना अपघात आठवायला सांगून मग हा खेळ खेळायला दिला. पुढच्या आठवड्यात त्यांच्या डोळ्यांसमोर अपघाताची चित्रं इतरांपेक्षा निम्म्याहूनही कमी वेळा आली. त्यामागचा विचार साधा आहे. ठोकळा कुठं बसेल हे आपण मनातल्या मनात पाहतो. भीतीचं चित्रही मन तिथंच काढतं. जागा एकच, ती ठोकळ्यांनी अडली की चित्र तितकं घट्ट बसत नाही.

मी तर दोन महिन्यांनी खेळले, म्हणजे माझ्या बाबतीत तो प्रयोग लागू होतो असं मी म्हणणार नाही. पण मनाला टेकायला जागा मिळाली, हे नक्की. शिवाय मी 14416 या टेली-मानसच्या नंबरवर फोनही केला. सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. खेळ म्हणजे औषध नव्हे. झोपच उडाली असेल, जीव नकोसा झाला असेल, तर खेळत बसू नका, फोन करा.

आणखी एक गंमत. दुर्बिणीचं ऑपरेशन आपल्याला माहीतच आहे. अमेरिकेत 2007 साली असं ऑपरेशन करणाऱ्या 33 डॉक्टरांची पाहणी छापून आली. जे पूर्वी आठवड्याला तीन तासांहून जास्त व्हिडिओ गेम खेळायचे, त्यांच्या सरावाच्या परीक्षेत 37 टक्के कमी चुका झाल्या. आता खेळामुळं हात बसला, की मुळात हात चांगला म्हणून ते खेळायचे, हे मला विचारू नका! पोराला मात्र हे सांगू नका, उद्या तो अभ्यासच सोडेल.

कारण दुसरी बाजूही खरी आहे. खेळ आवरता येत नाही, खाणंपिणं-शाळा मागं पडते, नुकसान दिसत असूनही सुटत नाही, असं बहुधा वर्षभर चाललं तर तो आजार धरतात. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली तो आपल्या यादीत घेतला. आणि पैसे लावायचा खेळ हा खेळच नाही, जुगार आहे. त्यावर ऑगस्ट 2025 मध्ये देशात बंदीचा कायदा झाला. तरी घरातल्या मोबाईलवर लक्ष असू द्या. मी स्वतः वीस मिनिटांचा गजर लावते, अंथरुणात मोबाईल नेत नाही.

सासूबाईंचं सांगायचं राहिलं. एक दिवस मी त्यांना लुडो दाखवला. तो लुडो किंग नवी मुंबईतल्या कंपनीनं 2016 साली काढलेला, लॉकडाऊनमध्ये घरोघरी पोचला. त्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, हा तर आमचा चल्लस!" ओट्यावर कोळशानं घरं आखायची, चिंचोके टाकायचे, दान पडलं की आरडाओरडा. लग्नानंतर एकदाही खेळल्या नव्हत्या. पन्नास वर्षं झाली त्याला.

आता रात्रीची भांडी झाली की आम्ही तिघी बसतो. त्या, मी, आणि तिकडं सेलूहून माझी नणंद, तिच्या मोबाईलवरून. मायलेकींचं पूर्वी पंधरा दिवसांतून एकदा बोलणं व्हायचं, तेही "जेवलीस का" एवढंच. आता रोज भांडतात. हे पाय पुढं करून खाटेवरून दोघींना चुकीचे सल्ले देतात. काल सासूबाईंची शेवटची सोंगटी घराच्या तोंडाशी नणंदेनं मारली. सकाळी चहा घेताना त्या मला म्हणाल्या, "आज तिला सोडायची नाही."