शिकणाऱ्याची पाटी कोरी नसते



आजचा विषय संगणकाचा असला तरी मी यंत्राविषयी थोडे आणि माणसांविषयी अधिक बोलणार आहे. कचेरीतील पत्रे, हिशेब आणि तक्ते यांसाठी जी सॉफ्टवेअर आपण वापरतो, ती शिकविण्याच्या वर्गात नाना तऱ्हेची माणसे एकत्र बसतात. जुना टंकलेखक असतो, दुकानाचा जमाखर्च लिहिणारा असतो, नुकताच पदवीधर झालेला मुलगा असतो. सर्वांना एकच धडा दिला जातो. आणि शेवटी ज्याला जमले तो हुशार, ज्याला जमले नाही तो मठ्ठ, असा निकाल लागतो. महाराष्ट्रात संगणकज्ञानाचे प्रमाणपत्र ही अनेक शासकीय पदांची अट आहे. तेव्हा या निकालावर माणसाची भाकरीही अवलंबून असते. हा निकाल पुष्कळदा अन्यायाचा असतो, एवढेच मला आज मांडावयाचे आहे. शिकणारा कोरी पाटी घेऊन येत नाही. तिच्यावर आधीचे बरेच लिहिलेले असते, आणि त्याची अडचण बहुधा त्या लिहिलेल्यातूनच उगवते.

टंकलेखकाचेच उदाहरण घ्या. टाइपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजे आणि हाताने गाडा मागे सारावा लागे. ही शिस्त बोटांत मुरलेला माणूस वर्डमध्येही प्रत्येक ओळीअखेर एंटर दाबतो आणि मथळा मध्यभागी आणण्यासाठी मोजून जागा सोडतो. छापील कागद सुबक दिसतो. पण साहेबांनी मध्येच दोन शब्द वाढविले की साऱ्या ओळींची मोडतोड होते. जुन्या पुष्कळ इंग्रजी यंत्रांवर एकाच्या आकड्याची कळच नसे. तेथे लहान एल ठोकून काम भागवीत. तीच सवय हिशेबाच्या तक्त्यात उतरली की बेरीज चुकते, कारण संगणकाच्या लेखी ते अक्षर असते, आकडा नव्हे.

मराठी टंकलेखनात तर गंमत अधिक आहे. रेमिंग्टन पद्धतीच्या कळफलकावर ‘कि’ उमटविताना आधी वेलांटी आणि मग ‘क’, कारण कागदावर वेलांटी डावीकडे असते. १९९१ च्या भारतीय मानकात आलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर मात्र उच्चाराप्रमाणे आधी ‘क’ आणि मग वेलांटी. ज्याने यंत्राला कधी हात लावला नाही, त्याला हा क्रम सरळ वाटतो. मिनिटाला चाळीस शब्दांची गती असलेल्याची बोटे मात्र अडखळतात. म्हणजे येथे अज्ञान आड येत नाही, कौशल्यच आड येते! अशा माणसाला ‘पुन्हा पहिल्यापासून शिका’ म्हणण्यापेक्षा संगणकावर रेमिंग्टनचाच कळफलक लावून द्यावा. तशी सोय उपलब्ध आहे.

आता जमाखर्चवाल्याकडे या. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे ‘व्हिजिकॅल्क’ १९७९ साली बाजारात आले, ते हिशेबाच्या आखीव कागदाचेच रूप होते. एक्सेलची आखणी त्याच घराण्यातली. त्यामुळे रोजकीर्द लिहिणाऱ्याला उभे-आडवे रकाने परके वाटत नाहीत. परंतु तो बेरीज कॅल्क्युलेटरवर करतो आणि उत्तर रकान्यात लिहितो! रकान्यात उत्तराऐवजी उत्तर काढण्याची रीतच ठेवता येते, ही कल्पना त्याच्या वहीत कधी नव्हती. त्याला सगळे पुस्तक नको. वरचा आकडा बदलताच खालची बेरीज आपोआप बदलते, हे एकदा डोळ्यांसमोर घडलेले पुरते.

तरुणाची तऱ्हा उलटी. मोबाईलवर वाढलेला मुलगा यंत्राला भीत नाही, भराभर कळा दाबतो. पण ‘हे पत्र ठेवलेस कोठे?’ असे विचारा, म्हणजे तो पुष्कळदा गोंधळतो. मोबाईलवर शोधले की सापडते; फाईल आणि फोल्डर यांचा विचार करावा लागत नाही. उलट दप्तर सांभाळलेल्या जुन्या कारकुनाला ही व्यवस्था चटकन उमगते, कारण ती त्याच्याच कपाटावरून घेतलेली आहे.

इंग्रजी बेताचे असलेल्यांची अडचण आणखी निराळी. ते शब्द वाचून नव्हे, जागा लक्षात ठेवून शिकतात: वरून तिसरे, मग खालून दुसरे. २००७ च्या ऑफिसमध्ये वर्डचे आणि एक्सेलचे जुने मेनू जाऊन रिबन आली, तेव्हा अशा पाठांतराचा आधारच सुटला.

या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यासही झालेला आहे. आयबीएमच्या संशोधनकेंद्रात जॉन कॅरल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या वर्षांत शब्दसंस्करण शिकणाऱ्यांचे बारकाईने निरीक्षण केले. माणसे पुस्तक क्रमाने वाचीत नाहीत, आपले काम घेऊन थेट यंत्राशी झोंबतात, आणि टाइपरायटरच्या अनुभवावरून तर्क बांधतात, असे त्यांना आढळले. १९८४ साली कॅरल व कॅरिदर्स यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांच्या सायकलला आधाराची जादा चाके असतात, तशी त्यांनी नवख्यांना फसविणारी कामे यंत्रात बंद करून ठेवली. शिकणारे लवकर मार्गी लागले, चुका निस्तरण्यात त्यांचा वेळ कमी गेला.

यातून शिकविणाऱ्याने काय घ्यावे? पहिल्या दिवशी प्रत्येकाला विचारावे, ‘आपण आजवर कोणते काम करीत आला?’ सरावाला त्याचेच काम द्यावे: कारकुनाला त्याचे पत्र, दुकानदाराला त्याची उधारी. झालेली चूक उलटविण्याची कळ सर्वांत आधी दाखवावी, म्हणजे भीती जाते. आणि कृपा करून त्याच्या हातातला माऊस काढून घेऊ नये. आपण करून दाखविले की काम होते, पण शिकणे राहून जाते.

ज्याने तीस वर्षे एक काम चोख केले, तो एका नव्या खिडकीपुढे एकाएकी मठ्ठ होत नाही. त्याला काय येत नाही, याची यादी आपण नेहमीच करतो. त्याला काय येते, हे आधी विचारले, तर मदत कोठे करावयाची ते त्याच्याच उत्तरातून कळेल.