मुरगावच्या धक्क्यावरून गावाकडे

(डिचोली व पेडणे तालुक्यांतील शिक्षक, पंचायत सदस्य आणि ग्रामस्थ यांच्या मेळाव्यात खात्याच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय वाचून आपणांपैकी अनेकांना थोडे नवल वाटले असेल. प्रवासी जहाजे लागतात ती मुरगाव बंदरात, म्हणजे येथून दोन नद्यांच्या पलीकडे. मग त्यांच्याविषयी डिचोलीत बसून बोलायचे कशाला? तिकडचे तिकडचे लोक पाहून घेतील, असे एका सरपंचांनी मला मघाशी चहाच्या वेळी सांगितलेसुद्धा. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. परंतु जहाजातून उतरलेला माणूस कधीकधी आपल्या दारापर्यंत येतो, आणि त्या वेळी आपण त्याला काय सांगतो यावर त्याचे जहाज मिळणे वा चुकणे अवलंबून असते. हा अनुभव मी स्वतः घेतला आहे. तो पुढे सांगेन.

बोटीतून उतरून गाव गाठणे ही गोष्ट आपल्याला नवी नाही. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली कोकण बोट दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीच्या धक्क्याला लागे. ‘कोंकण सेवक’ आणि ‘कोंकण शक्ती’ ही नावे घेतली की आजही घरातल्या वडीलधाऱ्यांचे चेहरे उजळतात. मी त्या बोटीने आलेलो नाही. माझ्या कळत्या वयापर्यंत ती सेवा थांबली होती. माझे वडील मात्र पत्र्याची ट्रंक आणि वळकटी घेऊन त्या बोटीने कित्येकदा आले. पणजीला पाऊल ठेवले की पुढची वाट त्यांना कोणाला विचारावी लागत नसे. मांडवीवर पहिला पूल १९७० साली झाला. त्याआधी फेरीबोटीने बेती गाठायची, तेथून म्हापसा, आणि म्हापशाहून ज्याच्या त्याच्या गावची गाडी. ५ जुलै १९८६ रोजी तो पूल कोसळला आणि पुन्हा तीच फेरीबोट सर्वांची आधार झाली. नवा पूल वाहतुकीस खुला व्हायला १९९२ साल उजाडले. सांगायचा मुद्दा असा की बोट शहराच्या मध्यभागी लागत असे आणि उतरणारा माणूस आपलाच असे. आज या दोन्ही गोष्टी बदलल्या आहेत.

आजची मोठी प्रवासी जहाजे मांडवीत शिरत नाहीत. नदीच्या मुखाशी वाळू साचते, आणि या जहाजांना लागणारे खोल पाणी मुरगावलाच आहे. पावसाळा संपला की ही जहाजे येऊ लागतात आणि पुढचा पावसाळा जवळ आला की थांबतात. काही परदेशातून येतात, काही मुंबईहून. २०१८ साली मुंबईहून ‘आंग्रिया’ नावाची बोट सुरू झाली तेव्हा जुन्या कोकण बोटीची आठवण अनेकांनी काढली होती. तीही पुढे बंद पडली.

मुरगाव बंदराची एक गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. हे बंदर आणि त्याला जोडणारी रेल्वे १८८० च्या दशकात जवळजवळ एकदमच उभी राहिली. रूळ थेट धक्क्यापर्यंत आणलेले होते. बोटीतून उतरायचे आणि समोरच्या गाडीत बसायचे, इतकी सोय त्या काळी होती. आज त्या रुळांवरून मालगाड्या जातात. प्रवासी गाड्या वास्को स्थानकातच थांबतात. सव्वाशे वर्षांपूर्वी जे सहज साधत होते ते आज साधत नाही, हे ऐकून गंमत वाटते आणि थोडे वाईटही वाटते.

आता आजचा प्रवासी काय करतो ते पाहू. जहाजावरच सहलीची तिकिटे विकली जातात. बहुतेक लोक ती घेतात, मोठ्या बसमधून जुन्या गोव्याची चर्चेस किंवा मसाल्याची बाग पाहतात आणि परत येतात. त्यांची चिंता आपल्याला करावी लागत नाही, कारण जहाजाने विकलेल्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज सहसा थांबते. प्रश्न आहे तो आपल्या पायाने आणि आपल्या जबाबदारीने बाहेर पडणाऱ्यांचा. त्यांच्यासाठी जहाज थांबत नाही.

असा प्रवासी शिडीवरून उतरला की त्याला प्रथम कळते की बंदराच्या आवारात मनाला येईल तसे चालता येत नाही. तेथे मालाची चढउतार चालू असते आणि पहारा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा असतो. परदेशी माणसाला पारपत्राची तपासणी करून घ्यावी लागते. मुरगावला ई-व्हिसावर उतरता येते ही सोय आहे. पण रांगेत वेळ जातोच. जहाज सकाळी आठला लागले तरी हा माणूस फाटकाबाहेर पोहोचेपर्यंत सव्वानऊ वाजले, तर ते लवकरच झाले म्हणायचे. बाहेर टॅक्सीवाले उभे असतात. वास्को शहर तेथून तीनचार किलोमीटरवर आहे. अंतर फार नाही, पण रस्ता अवजड वाहनांचा आहे आणि ऊन आपले असते. तेव्हा टॅक्सी किंवा मोटारसायकलचा पायलट घेऊन वास्कोचे बसस्थानक गाठणे हे शहाणपणाचे.

टॅक्सीवाल्यांविषयी एक शब्द बोलतो, कारण हा विषय निघाला की सभेत दोन तट पडतात. दर ठरलेले नसतात, मीटर चालत नाहीत, अशी प्रवाशांची तक्रार जुनी आहे. पर्यटन विकास महामंडळाच्या पुढाकाराने २०१८ साली ‘गोवामाइल्स’ ही मोबाइलवरून टॅक्सी बोलावण्याची सोय सुरू झाली, तिला स्थानिक टॅक्सीवाल्यांनी कडाडून विरोध केला. जहाज महिन्यातून मोजक्याच दिवशी येणार, त्यातले बहुतेक प्रवासी कंपनीच्या बसमधून जाणार, आणि पावसाळ्याचे महिने तर कोरडेच जाणार, हे त्यांचे गाऱ्हाणेही खरे आहे. माझे स्वतःचे मत असे की फाटकावर दराचा फलक मोठ्या अक्षरांत असला तर निम्मी भांडणे मिटतील. उरलेली निम्मी मिटतील असे मी म्हणत नाही.

वास्कोच्या स्थानकावरून मात्र मार्ग सोपा होतो. पणजीला आणि मडगावला मध्ये न थांबणाऱ्या बसगाड्या मिळतात. दोन्ही शहरे तेथून साधारण तीस तीस किलोमीटर. कुठ्ठाळी आणि आगशी यांच्यामध्ये एके काळी फेरीबोटच होती. १९८३ साली जुवारीवर पूल झाला. पुढे त्या पुलावरच्या खोळंब्याची ख्याती इतकी पसरली की घड्याळावर भरवसा ठेवून कोणी निघत नसे. नव्या पुलाची एक बाजू डिसेंबर २०२२ मध्ये आणि दुसरी डिसेंबर २०२३ मध्ये खुली झाली. तेव्हापासून तासाभरात पणजी गाठता येईल असे बऱ्याच विश्वासाने सांगता येते.

रोम शहराची यात्रा करणाऱ्यांची जहाजे चिवितावेकिया नावाच्या बंदरात लागतात. ते रोमपासून सत्तरएक किलोमीटर दूर आहे, म्हणजे आपल्या मुरगावपासून पेडण्यापर्यंतच्या अंतराहूनही थोडे अधिकच. तरी हजारो लोक कोणाचीही सहल न घेता रोमला जाऊन येतात. कारण एवढेच की धक्क्यापासून बंदराबाहेर नेणारी बस असते, पुढे रेल्वे असते, आणि परतीची गाडी केव्हा आहे हे निघतानाच ठाऊक असते. तेथे अंतर मोठे असूनही भीती लहान आहे.

आता तो अनुभव सांगतो. दोनतीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत मी कामानिमित्त पणजीच्या स्थानकावर उभा होतो. एक वयस्कर परदेशी जोडपे हातात कागद घेऊन माझ्यापाशी आले. कागदावर ‘नार्वे’ असे लिहिलेले होते. सप्तकोटेश्वराच्या देवळाविषयी त्यांनी वाचले होते: दिवाडी बेटावरचे मूळ देऊळ पोर्तुगीजांनी पाडले, देव नार्व्यास आला, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तेथे देवळाचा जीर्णोद्धार करविला, एवढे सारे त्यांना माहीत होते. आपल्यातल्या किती जणांना ते नीट सांगता येईल, हा प्रश्न मी स्वतःलाच विचारला. पुरातत्त्व खात्याने या देवळाची दुरुस्ती करून २०२३ च्या फेब्रुवारीत ते पुन्हा खुले केले, तेव्हापासून असे चौकस लोक येऊ लागले आहेत.

त्या गृहस्थांनी विचारले, “साडेचारच्या आत जहाजावर असले पाहिजे. जाऊन येता येईल का?” मी घड्याळ पाहिले. साडेदहा वाजले होते. प्रसिद्धी अधिकाऱ्याला नाही म्हणण्याची सवय नसते. “वेळ भरपूर आहे,” असे मी सांगितले आणि मार्गही समजावला: बसने जुने गोवे, फेरीबोटीने दिवाडी, बेट ओलांडून दुसरी फेरीबोट, की आले नार्वे. मार्ग बरोबर होता. पायी प्रवाशाला फेरीचे भाडे पडत नाही, हेही मी अभिमानाने सांगितले. परत कसे यायचे ते सांगितले नाही, कारण ते मलाच माहीत नव्हते.

जायला त्यांना काही अडचण आली नाही. देवळात ते तासभर रमले. परतताना नदी ओलांडून दिवाडीत उतरले तेव्हा दुपारचा दीड वाजला होता आणि पलीकडच्या फेरीपर्यंत नेणारी बस नव्हती. दुपारच्या जेवणाच्या वेळी आमच्याकडे बस, दुकान आणि माणूस तिन्ही विसावतात, हे त्यांना कोण सांगणार? बेट आडवे चालून जायचे म्हणजे चारपाच किलोमीटर, आणि बाईंचे गुडघे दुखत होते. शेवटी शाळा सुटून स्कूटरवरून घरी निघालेल्या एका शिक्षकांनी त्यांची अवस्था पाहिली. त्यांनी ओळखीच्या एका रिक्षावाल्याला जेवणावरून उठवून आणले. माझा दूरध्वनी क्रमांक मी त्या कागदावर लिहून दिला होता, म्हणून त्या गुरुजींनी मला फोन केला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण “साहेब, वेळ भरपूर आहे असे आपणच सांगितलेत ना?” हे वाक्य मी अजून विसरलो नाही.

ते पणजीला पोहोचले तेव्हा पावणेतीन झाले होते. मी त्यांना वास्कोच्या गाडीत बसवले आणि वास्कोतल्या एका ओळखीच्या टॅक्सीवाल्याला कळवले. तो स्थानकावर गाडी सुरू ठेवून उभा राहिला आणि चारला दहा मिनिटे असताना त्यांना फाटकावर सोडून त्याने मला कळवले. रोजच्या दरापेक्षा एक रुपया त्याने अधिक घेतला नाही. टॅक्सीवाल्यांविषयी मघाशी जे बोललो त्याच्या शेजारी हेही ठेवावे.

त्या दिवसानंतर मी कागद घेऊन हिशेब मांडला. सव्वानऊला फाटकाबाहेर, साडेदहाला पणजी. तेथून म्हापसामार्गे पेडणे बाराच्या सुमारास. भगवतीचे देऊळ, त्याच्या दारचे ते दोन दगडी हत्ती आणि बाजार पाहायला एक तास. परत पणजी अडीचला, वास्को पावणेचारला, फाटक चारला. गणित जुळते; पण एक बस चुकली की मोडते. तेरेखोलचा किल्ला, हरवळ्याची लेणी व धबधबा, मयेचा तलाव ही ठिकाणे या हिशेबात बसत नाहीत. म्हणून संध्याकाळी लवकर सुटणाऱ्या जहाजाच्या प्रवाशाला स्वतंत्रपणे पेडणे-डिचोलीस येण्याचा आग्रह करू नये, असे मी आज उघडपणे सांगतो. माझ्या खुर्चीत बसून असे सांगणे बरे दिसत नाही, याची मला कल्पना आहे. आपल्या दोन तालुक्यांसाठी येणारे पाहुणे बहुधा वेगळ्या वाटेने येतील: जानेवारी २०२३ पासून मोपा विमानतळावर विमाने उतरू लागली आहेत, कोकण रेल्वेची पेडणे आणि थिवी स्थानके जवळ आहेत, आणि त्या लोकांच्या मागे जहाजाचा भोंगा नसतो.

तरीही कोणी तरी येणारच. ज्याचे जहाज रात्री उशिरा सुटते तो येईल, आणि ज्याला चर्चेस व समुद्रकिनारे पाहून कंटाळा आला आहे तोही येईल. त्याला जेवायला काय मिळेल, देऊळ किती जुने आहे, हे आपण उत्साहाने सांगतो. त्याला हवे असते ते एवढेच की येथून परतीची गाडी किती वाजता, आणि ती चुकली तर दुसरी केव्हा. शिक्षक वर्गाकडे माझी विनंती याच बाबतीत आहे. आपापल्या गावच्या थांब्यावर आणि फेरीच्या धक्क्यावर बस व फेरीबोट प्रत्यक्षात केव्हा सुटते याची नोंद वरच्या वर्गातील मुलांकडून एक आठवडा करून घ्यावी. छापील वेळापत्रकातली वेळ लिहू नये. मुलांनी डोळ्यांनी पाहिलेली वेळ लिहावी. दुपारी बारा ते तीन या वेळात काहीच जात नसेल तर तेही स्पष्ट लिहावे. रविवार आणि जत्रेचा दिवस यांची नोंद वेगळी करावी. ज्यांच्याकडे रिक्षा अथवा मोटारसायकल पायलटचा परवाना आहे अशांची नावे त्यांच्या संमतीने पंचायतीने खाली जोडावीत.

नोंदीचे कोरे तक्ते मी आणले आहेत. ते दारापाशी बाकावर ठेवले आहेत. भरलेले तक्ते मराठीत दिले तरी चालतील, कोकणीत दिले तरी चालतील. फलक रंगवताना दोन्हींच्या जोडीला इंग्रजी आम्ही घालू. नार्व्याचा तक्ता मात्र मी कोणाला देणार नाही. तो मी स्वतः भरणार आहे, आणि पुढल्या सोमवारी दुपारी दीडच्या सुमारास दिवाडीच्या बाजूला धक्क्यावर उभा असेन.