मृगातला धुरकट ठिपका



संयोजकांनी मला 'सॉफ्टवेअरमधली वीस वर्षं' असा विषय दिला होता. तो मी बदलून घेतला. त्यावर बोलू शकतील असे आपल्या बॅचमध्ये निम्मे लोक आहेत.

'वायू व धुळीच्या ढगांपासून तारे बनतात' हे आपण एका मार्कासाठी पाठ केलं. कसे, ते कुणी विचारलं नाही. खरी गंमत तिथेच आहे. ढग आकसू लागला की वायू तापतो आणि तापलेला वायू फुगू पाहतो. सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो ना, तसंच. गुरुत्वाकर्षण ओढणार, उष्णता आडवी येणार. मग तारा होतो कसा? आधी थंड राहून! ढगातले रेणू आणि धूळ ती उष्णता बाहेर टाकत राहतात. बाहेरच्या ताऱ्यांचा प्रकाशही धूळच अडवते. वस्तुमानात ती जेमतेम एक टक्का, पण तिच्यामुळे गाभा उणे २६० अंशांच्या आसपास राहतो आणि आत कोसळत जातो. पुढे तो इतका दाट होतो की उष्णता कोंडली जाते. केंद्र एक कोटी अंशांच्या घरात गेलं की हायड्रोजनचं हेलियम होऊ लागतं. सूर्यासारख्या ताऱ्याला इथवर यायला चार-पाच कोटी वर्षं लागतात.

हे आत्ताही चालू आहे आणि दिसतं. मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण शोधा. त्याच्या उजवीकडे, जरा खाली, फिकट ठिपक्यांची ओळ आहे. त्यातला मधला धुरकट दिसतो. तो ढग सुमारे १,३५० प्रकाशवर्षं दूर आहे. आज दिसणारा प्रकाश निघाला तेव्हा इकडे बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं. तिथले बहुतेक तारे दहा-वीस लाख वर्षांचे, म्हणजे हायड्रोजनपर्यंत पोचलेलेच नाहीत. नुसत्या आकसण्याच्या उष्णतेवर चमकताहेत. मधला एक दांडगा तारा मात्र आपल्या प्रारणाने आजूबाजूचा वायू उधळून लावतोय. त्या वायूचे तारे व्हायचे राहूनच जाणार.

दहावीत असताना हा ठिपका मी आपल्या मैदानावरून नुसत्या डोळ्यांनी पाहिला आहे. आता तिथे उंच दिवा रात्रभर जळतो. आपल्या निधीतून कमानीवर नावं कोरायचा प्रस्ताव आहे, त्याला माझा विरोध आहे. त्या पैशांत शाळेला सहा इंची दुर्बीण घ्या आणि त्या दिव्याला वेळेवर बंद होणारं बटण बसवा.

आज साडेआठला दिवा अर्धा तास बंद राहील. परवानगी मिळाली आहे. मोबाइल खिशात ठेवा, डोळे सरावायला दहा मिनिटं द्या. दुर्बीण एकच आणली आहे, मुलांना आधी बघू द्या.