विभंग आणि सोने



भूकंप म्हटला की आपल्याला १९६७ चे कोयनानगर आठवते, १९९३ ची किल्लारी आठवते. पडलेली घरे आणि गेलेली माणसे आठवतात. त्याच भूकंपाचे एक निराळे काम आज मी आपणांपुढे मांडणार आहे. जगातील पुष्कळशा खाणींतले सोने अशाच धक्क्यांनी एका जागी गोळा झाले आहे.

भूकवचातला खडक तडकून त्याची एक बाजू दुसरीवरून सरकली, म्हणजे त्या तड्यास विभंग म्हणतात. जमीन फाटते आणि आत साठलेले सोने वर येते, असे कोणास वाटेल. पण आत साठा असा नसतोच. साध्या खडकाच्या एका टनात सोने असते ते काही मिलिग्रॅम. खाण चालवायची तर टनामागे काही ग्रॅम हवे. म्हणजे विखुरलेले सोने हजारपट दाट व्हावयास पाहिजे. ही वेचणी करते पाणी!

खूप खोलवर तापलेल्या खडकांतून जे पाणी सुटते, ते तीन-चारशे अंश तापमानाचे असते. त्यात गंधकाची संयुगे असतात आणि त्यांच्या संगतीने सोने विरघळते. हे पाणी वर येऊ पाहते, पण विभंगाची वाट बुजलेली असते. खाली दाब वाढत जातो. अखेर विभंग सरकतो, भूकंप होतो, वाट मोकळी होते आणि पाणी वर धावते. गोटी सोड्याची गोटी आत ढकलताच काय होते, ते आपण पाहिले आहे. तसाच येथे दाब एकदम उतरतो, वायू निसटतात, गंधकाची संगत सुटते आणि सोने जागच्या जागी बसते. पाण्यात विरघळलेली सिलिकाही पांढरी गारगोटी होऊन भेग बुजवते. झडप पुन्हा बंद! रिचर्ड सिब्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये विभंगाला ही झडपेची उपमा दिली. सोन्याच्या शिरेतली गारगोटी अनेकदा कांद्याच्या पापुद्र्यांसारखी थरांची दिसते, ती वाट पुनःपुन्हा उघडल्यामुळे.

२०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी आणखी एक गंमत दाखविली. गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, दाबली की तिच्यात वीज उत्पन्न होते. सोन्याच्या द्रावणात क्वार्ट्झ ठेवून त्यांनी तिला भूकंपासारखे हादरे दिले, तेव्हा तिच्यावर सोने बसू लागले. आणि जेथे आधीच कण होता, तेथे अधिक बसले. पैशाकडे पैसा जातो, हा न्याय पाताळातही चालतो म्हणावयाचा!

मग कोयनेच्या विभंगात सोने का नाही, असे आपण विचाराल. कारण नुसती वाट असून भागत नाही. सोने देणारे खडक हवेत, उष्णता हवी, गंधकयुक्त पाणी हवे आणि ते अडेल अशी जागाही हवी. पुष्कळदा मोठ्या विभंगात सोने नसतेच. ते त्याच्या आजूबाजूच्या लहान फाट्यांत सापडते. पाणी हमरस्त्याने येते आणि माल मात्र आडवाटेला उतरवते.

हा सारा योग कर्नाटकातील कोलार येथे सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वी जुळून आला. तेथील गारगोटीच्या शिरांचा माग काढीत माणूस तीन किलोमीटरहून अधिक खोल गेला. तेवढ्या खोलीवर खडकावर प्रचंड ताण असतो. खणलेल्या पोकळीभोवतीचा कातळ एकाएकी फुटे आणि त्यात कामगार दगावत. १८८० पासून सुमारे १२० वर्षांत तेथून जवळजवळ ८०० टन सोने निघाले. पुढे खोली वाढली, खर्च वाढला, उतारा घटला आणि २००१ साली खाण बंद झाली.

मंडळी, मला सांगावयाचे ते इतकेच. निसर्गाने असंख्य धक्क्यांनी जे कणाकणाने जमविले, ते आपण चार-पाच पिढ्यांत उपसून संपविले. आणि ती झडप आपल्यासाठी पुन्हा उघडावयाची नाही. घरी गेल्यावर हातातल्या अंगठीकडे एकदा पाहा. तिच्यात धरणीचे कंप आहेत, आणि खाणीत उतरलेल्या माणसांचे श्वासही आहेत.