पोरींची गुपित भाषा



पोरी ओसरीवर बसून भराभरा काहीतरी बोलतात, खुदुखुदु हसतात, आणि आपल्याला एक अक्षर कळत नाही. ती असते 'च'ची भाषा. 'घर'चं 'चघचर' करायचं. आपल्यातल्या कितीतरी जणी लहानपणी ती बोलल्या असतील. इंग्रजी बोलणारी मुलंही अगदी असंच करतात, बरं का.

अमेरिकेतल्या मुलांची अशी एक भाषा आहे, 'पिग लॅटिन'. पिग म्हणजे डुक्कर. नावात लॅटिन असलं, तरी लॅटिन भाषेशी तिचं काही नातं नाही. शब्दाचा पहिला आवाज काढून शेवटी न्यायचा आणि त्याला 'ए' जोडायचा. 'पिग'चं होतं 'इगपे'. 'मिल्क' म्हणजे दूध, त्याचं 'इल्कमे'. दुसरी 'अबी डबी'. तिच्यात प्रत्येक स्वराआधी 'अब' घालतात. 'मिल्क'चं 'मबिल्क' होतं. १९७२ साली बॉस्टन शहरातून सुरू झालेल्या 'झूम' या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमामुळे ती खूप मुलांना कळली.

मोठी माणसंही यात मागे नव्हती. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये गाडीवर भाजी-फळं विकणारे लोक शब्द उलटे करून बोलत. 'पेनी' या नाण्याला म्हणत 'येनेप'. गिऱ्हाइकाला आणि पोलिसाला कळू नये, एवढ्यासाठी. 'बॉय' म्हणजे मुलगा, त्याचं उलटं 'यॉब'. हा शब्द तर आज इंग्रजीत दांडगट पोरासाठी सर्रास वापरतात.

आता नीट बघा. 'पिग'मधला 'प' वेगळा काढायचा, तर तो आधी वेगळा ऐकू यावा लागतो. वाचायला शिकताना हाच कान लागतो, कारण अक्षर म्हणजे आवाजाची खूण. म्हणून पोरी असं बोलताना दिसल्या, की 'काय चाललंय हे येड्यासारखं' म्हणून ओरडू नका. आणि गटात कुणी ताई आता अक्षरं गिरवत असेल, 'मला या वयात काय येणार' म्हणत असेल, तर तिला विचारा, 'लहानपणी च-ची भाषा बोलायचीस ना?' बोलत असेल, तर तो कान तिच्याकडे आहेच.

एक मात्र सांभाळायचं. गुपित भाषा म्हणजे कुंपण. आतल्यांना मजा येते, बाहेर राहिलेली रडते. वर्गात नवीन आलेली मुलगी किंवा धाकटी बहीण अशी बाहेर राहिली, तर खेळ बंद पाडू नका. एवढंच सांगा, 'खेळा, पण तिलाही नियम शिकवा.' नियम कळायला दोन मिनिटं पुरतात.

पुढच्या बैठकीत हिशोब झाला, की एक फेरी 'च'ची होऊन जाऊ द्या. कुणाची जीभ अडखळते ते बघू!