श्वासाचे मूळ

डोंगराची चढण असो वा साधा जिना असो, धाप लागली की माणूस छातीवर हात ठेवतो. दोष तेथेच आहे असे त्याला वाटते. जुन्या परंपरेचा चिनी वैद्य मात्र अशा रोग्याच्या कमरेची आणि गुडघ्यांचीही विचारपूस करतो.

या वैद्यकाच्या मते प्राणशक्तीचे स्वामित्व फुप्फुसांकडे असले, तरी तिचे मूळ मूत्रपिंडांत असते. फुप्फुसांनी खाली उतरविलेला श्वास मूत्रपिंडे धरून ठेवतात. ही धारणशक्ती क्षीण झाली म्हणजे श्वास वरच्या वर तरंगतो. रोगी सोडतो फार, घेतो थोडा, आणि चार पावलांतच त्याला दम लागतो. अर्थात हे ‘मूत्रपिंड’ म्हणजे शरीरशास्त्रातले इंद्रिय नव्हे. वाढ, प्रजनन, हाडे, वार्धक्य एवढा सारा संसार त्या एका नावाखाली मोडतो.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या ‘ह्वांग-ती नै-चिंग’ या ग्रंथात रात्री वाट चालणाऱ्याची धाप मूत्रपिंडांतून उठते, पडून घाबरलेल्याची यकृतातून उठते, असे सांगितले आहे. त्याहून मार्मिक निरीक्षण पुढेच आहे: धीट माणसाची धाप आली तशी जाते, भित्र्याच्या ठायी ती घर करते आणि तिचा रोग होतो.

मिंग काळातील वैद्य चांग चिये-पिन (१५६३–१६४०) याने धापेचे दोन प्रकार मानले. एकात छाती दोषांनी भरलेली असते. श्वास लांब व जोरकस, आणि तो बाहेर पडला की बरे वाटते. दुसऱ्यात शक्तीच उरलेली नसते. श्वास आखूड व तुटक, आणि एक दीर्घ श्वास आत घेता आला तरच बरे वाटते. पहिल्याला दोष घालविणारे औषध, दुसऱ्याला पुष्टी देणारे. पुष्टीसाठी जिनसेंग, अक्रोड आणि (ऐकून अंगावर शहारे येतील) शेपटीसकट वाळविलेली मोठी पाल! ही पाल ईशान्य भारतातही आढळते. औषधी मागणीपायी तिची इतकी धरपकड झाली, की २०१९ साली तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली आणावा लागला.

मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तनिर्मितीला चालना देणारे द्रव्य कमी पडते, अंगात पाणी साचते आणि रोग्याला खरोखरच धाप लागते. पण चिनी आचार्यांना हे ठाऊक होते असे मानणे भाबडेपणाचे होईल. त्यांची नजर सूक्ष्म होती. तपासणीची साधने त्यांच्यापाशी नव्हती. रक्तक्षय झालेल्या बाईने किंवा हृदय थकलेल्या वृद्धाने केवळ पौष्टिक काढ्यांवर महिने घालविणे धोक्याचे आहे. काल सहज चढता येत असलेला जिना आज चढवेनासा झाला, पाय सुजू लागले, रात्री उशाला उंच उशी घ्यावी लागली, तर हृदय, फुप्फुसे आणि रक्त यांची तपासणी आधी झाली पाहिजे. अक्रोड मागाहून खाता येतात.